हळदीच्या संध्याकाळी हरवणारी डिस्क

नमिता भोईरला ‘असू दे’ म्हणता यायचं नाही. रिक्षावाल्याने एक गल्ली अलीकडे सोडलं तर ती रिक्षातून उतरायची नाही. शिंप्याने बाही बोटभर आखूड केली तर तो ती उसवून पुन्हा शिवेपर्यंत त्याच्याच दुकानात स्टूल ओढून बसायची. मला अशी माणसं झेपत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः तशीच आहे, आणि एका खोलीत अशा दोघी म्हणजे तिसऱ्याचं काही खरं नाही. तरी ही हकीकत सांगायला माझ्याइतकं लायक कुणी नाही, कारण तिने जे केलं ते मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि त्यातला निम्मा वेळ तिच्याशी भांडत होते.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी उज्वला कदम, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा शहाजी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आम्ही राहायचो कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या आखीव नव्या वस्तीत, आणि माझा टायपिंगचा वर्ग होता रस्त्यापलीकडच्या जुन्या गावात. शिवा भोईर म्हणजे गावातले मंडप डेकोरेटर. त्यांच्या गोदामाची पुढची खोली मी घेतली होती. मागच्या खोलीत बांबू, कनाती, गाद्या आणि बल्बच्या माळांचे ढीग, पुढच्या खोलीत माझे टाइपरायटर. वर्गाला यायच्या त्या सगळ्या गावातल्याच मुली. सेक्टरमध्ये क्लासेस पुष्कळ होते, पण तिथे त्यांना घरचे पाठवत नसत. मधला रस्ता ट्रक-टेम्पोचा, संध्याकाळी तो ओलांडून जायचं म्हटलं की घरोघरी वादावादी. शिवाभाऊंच्या दारात मात्र कुणाची हरकत नव्हती.

टायपिंगचे दिवस भरले होते, हे मलाही दिसत होतं. नवीन मुलगी आली की पहिला प्रश्न, “मॅडम, कंप्युटर कधी आणणार?” मी म्हणायची, आधी बोटं बसू देत. पण किती दिवस म्हणणार?

कंप्युटर शेवटी आणले नमिताने. शिवाभाऊंची ही थोरली मुलगी. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागली होती. तिथे नवी मशिनं आली आणि जुनी पाच भंगारात काढायची ठरली. ती पाच मशिनं तिने साहेबांच्या डोक्यावर बसून मिळवली आणि बापाच्या टेम्पोत, मंडपाच्या गाद्यांमध्ये गुंडाळून घरी आणली. चालवायला तिच्याकडे एका कंप्युटरच्या मासिकाबरोबर आलेली सीडी होती. तिच्यात एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे मशिन चालू झाल्यावर बाकी सगळ्याचा कारभार बघते ती मूळ व्यवस्था. तिचं नाव मी सांगत नाही. त्या नावावरून लोक अजून हमरीतुमरीवर येतात, आणि मला त्या भांडणात रस नाही.

“फुकट कसं काय देतात?” मी विचारलं.

“जगभरातले लोक मिळून लिहितात, मॅडम. ज्याला जे जमेल ते. सगळा कोड उघडा असतो. तुमाला चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवायची.”

“आणि ते घेतात?”

“बरोबर असेल तर घेतात.”

मला ते भिशीसारखं वाटलं. पण भिशीत निदान बायका ओळखीच्या असतात.

दिवाळीनंतर वर्ग सुरू झाला आणि झकास चालला. मग तुळशीचं लग्न झालं, गावातली लग्नं सुरू झाली. गाव आगऱ्यांचं, आणि आगऱ्यांकडे हळद म्हणजे लग्नाच्या वरताण असते. गल्लीभर मंडप, बेंजो, अख्ख्या गावाचं जेवण, आणि घराच्या पायरीपासून नाक्यापर्यंत बल्बच्या माळा. त्या पहिल्या हळदीच्या संध्याकाळी शिवाभाऊंनी मंडपाचं बटण दाबलं तेव्हा आमच्या ट्यूबलाइट फडफडल्या, पंखा रेंगाळला आणि पाचही मशिनं एकामागून एक गप्प झाली. पडद्यावर अक्षरं तशीच, पण कळ दाबली तर काही हलेना. थोड्या वेळाने इंग्रजीत एक ओळ उमटली: हार्ड डिस्क सापडत नाही. एका मुलीचं संध्याकाळभराचं काम गेलं. ती रडायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

मी तडक मंडपात गेले. शिवाभाऊ शिडीवर उभे राहून माळ बांधत होते.

“शिवाभाऊ, तुमच्या माळांनी आमची मशिनं बंद पाडली.”

“मंग काय करू ताई? हलद काय अंधारान लावायची?” ते वरूनच म्हणाले. “तुमचे कांपुटरला सांगा, गावान लगीन हाय.”

पुढच्या हळदीला तेच. त्याच्या पुढच्याही. गावाचा ट्रान्सफॉर्मर जुन्या काळचा होता; गाव वाढलं, तो होता तेवढाच राहिला. गावात हळद असली की व्होल्टेज खाली, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडे आमच्या सेक्टरमध्ये दिवे लख्ख. शहाजी म्हणाला, “आगं, मग हिकडंच हलव की वर्ग. आपल्या बिल्डिंगीखालचा गाळा रिकामाच हाय.” मला पटलं. मी नमिताला स्पष्ट सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीची बॅच मी सेक्टरमध्ये सुरू करणार. वर्षाचा वर्ग त्या एका बॅचवर उभा असायचा.

“मग गावातल्या पोरी येणार नाहीत,” नमिता म्हणाली.

“इथे येऊन तरी काय करणार? बंद पडद्याकडे बघत बसणार?”

“मे उजाडायच्या आत मी हे बंद पडणं थांबवते.”

“आणि नाही थांबलं तर?”

“थांबवते म्हणाले ना.”

मी आजही म्हणते, माझं चुकलं नव्हतं. सेक्टरमधल्या मुली आल्या असत्या, वर्ग चालला असता. पण गावातल्या ज्या मुली बोटांना शाई लागलेली घरी कौतुकाने दाखवायच्या, त्या घरी बसल्या असत्या, हेही खरं. हे आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून तर भांडण होतं.

नमिताने काय केलं, तर एका मशिनचं झाकण काढलं आणि हळदीच्या संध्याकाळी ओढणी कमरेला बांधून, डिस्कला कान लावून जमिनीवर बसून राहिली. बाहेर बेंजो वाजतोय आणि ही कान लावून ऐकतेय. बायका दारातून डोकावून जायच्या. दोन-तीन हळदी अशा ऐकल्यावर तिने निकाल दिला.

“डिस्क मरत नाही, मॅडम. व्होल्टेज पडलं की तिचा वेग कमी होतो. ती थांबते, दम खाते आणि आपली आपण परत फिरायला लागते. पण तोवर सिस्टिमने तिला मेलेली ठरवलेलं असतं. आजारी मानसाला एक हाक मारली, ओ आली नाही, की हे निघाले लाकडं आनायला.” ती रागात आली की तिच्या तोंडून गावाचा ‘न’ यायचा. “बाबांची चूक नाही. मशिनची पन नाही. कोडची आहे.”

स्टॅबिलायझर घ्या, असा सल्ला तिला गावातल्या प्रत्येक पुरुषाने दिला. व्होल्टेज इतकं खाली गेलं की स्टॅबिलायझर स्वतःच कट होतो, हे ती प्रत्येकाला समजावून थकली होती. त्याच दिवसांत तिला बघायला उरणहून मंडळी आली. मुलगा चांगला होता, कंटेनर यार्डात सुपरवायझर, दिसायला उजवा. चहा-पोहे झाले. त्याने आपुलकीने विचारलं, सध्या काय चाललंय? हिने डिस्कचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग स्टॅबिलायझर घ्या ना.” मंडळी गेल्यावर नमिताने नकार कळवला. शिवाभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिची आई पुतळाबाई मला म्हणाली, “तुमी तरी सांगा तिला.” मी कशाला सांगू? माझंही तिच्याशी तेव्हा बोलणं बंद होतं.

नमिताने डिस्कचा कोड शोधून काढला आणि वाट बघण्याची मुदत वाढवली. बदल केला की नवी सिस्टिम तयार व्हायला त्या म्हाताऱ्या मशिनला दिवस पुरायचा नाही. त्या बदलानंतर मशिनं गप्प होईनात, हे खरं. पण अडचण अर्धीच सुटली. डिस्क दम खात असताना जे लिहिलं जात होतं, त्याची खिचडी व्हायची. मुलीने टाइप केलेल्या पत्रात मध्येच दुसरीच्या पत्राचा तुकडा. हे दुरुस्त करायचं तर कोडमध्ये फार खोल उतरायला हवं होतं, आणि तिथे ती एक धागा ओढायची तर दुसरीकडचा उसवायचा. त्या कोडची काळजी घेणारा एक माणूस होता. सिस्टिमच्या प्रत्येक भागाला असा एक राखणदार असतो, तो हो म्हटल्याशिवाय त्या भागात काही शिरत नाही. डिस्कचा राखणदार डेन्मार्कला राहायचा, नाव येन्स. म्हणजे आता येन्सला पटवायचं.

माझ्या घरी फोन होता आणि नमिताने विद्यार्थ्यांसाठीचं इंटरनेट खातं घेतलं होतं. पाचातलं एक मशिन आणि ते फोनला जोडणारा मोडेम तिने तेवढ्यापुरता माझ्या घरी आणून ठेवला. त्याच्यावर चित्रं दिसत नसत, नुसती अक्षरं. ऑफिसच्या बसआधी ती सकाळी आमच्याकडे यायची, शहाजी मार्केटला गेलेला असायचा. पत्र लिहायचं म्हटल्यावर मी अबोला विसरून पुढे सरसावले. अर्ज, विनंती, तक्रार यांचे नमुने शिकवण्यात माझी हयात गेली होती. मी सांगितलं आणि तिने टाइप केलं: आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास नम्रपणे कळविण्यात येते की, आमच्या गावी लग्नसमारंभाच्या आदल्या संध्याकाळी हार्ड डिस्क नाहीशी होते, तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली ‘आपली विश्वासू’. सोबत तिचा कोड. इंग्रजीत ते फार भारदस्त दिसत होतं. मी खूश होते.

ती पत्रं एका यादीवर जायची, जगभरातले शेकडो लोक ती वाचायचे. दुसऱ्या दिवशी उत्तरांचा पाऊस. कुणी विचारलं, डिस्कला लग्नाचं आमंत्रण नव्हतं का? कुणी म्हणालं, नवरीबरोबर पळून गेली असेल. येन्सचं उत्तर दोन ओळींचं होतं. एवढा वेळ थांबायचं ठरवलं तर ज्यांच्या डिस्क खरोखर मेल्या आहेत त्यांची मशिनं जगभर खोळंबतील. आणि आपली वीज दुरुस्त करून घ्या.

मला एक-दोन विनोदांचं हसू आलं. नमिता हसली नाही.

“सिस्टिमवर लिहिलंय, कुणीही वापरा. कुणीही म्हणजे कोण?” ती म्हणाली. “नुसते सेक्टरवाले?”

मी म्हटलं, सोडून दे. ती म्हणाली, “त्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. सगळ्यांना थांबवणं चूक. ते मी बदलते.” आणि बदललं. आता सिस्टिम आधी डिस्कला विचारायची. डिस्क ‘कामात आहे’ एवढं जरी म्हणाली तरी थांबायची, काहीच म्हणाली नाही तरच मेलेली धरायची. या वेळी पत्राला मला हात लावू दिला नाही. आदरणीय नाही, महोदय नाही, लग्न तर नाहीच. मला राग आला, पण पत्र चांगलं होतं.

येन्सचं उत्तर आलं की हे आधीपेक्षा बरं आहे, पण जो बिघाड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला नाही त्याचा इलाज मी आत घेत नाही. माझ्याकडे व्होल्टेज कधीच पडत नाही. यादीवरच्या एकाने नमिताला सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, हा माणूस जिवलग मित्रांनाही हेच ऐकवतो.

“संपलं,” मी म्हणाले. मार्च लागला होता. शहाजीने गाळ्याची चावी आणून ठेवली होती. “त्याच्याकडे वीज जात नाही आणि तुझ्याकडे येत नाही. कसं जमायचं?”

“त्याचा नियम बरोबर आहे. मीपण बघितल्याशिवाय मानलं नसतं.” ती नखं खात बसली. “म्हणजे त्याला दाखवायला पायजे.”

“कसं? डेन्मार्कला हळद लावणार?”

ती बस पकडायला निघून गेली. पण रविवारी सकाळी मला गोदामात बोलावणं आलं.

मंडपवाल्यांची एक रीत असते. माळ दुरुस्त केली की ती सरळ प्लगला जोडत नाहीत. मधे एक मोठा बल्ब ठेवून त्याच्या मागे माळ जोडतात. माळेत कुठे तार तारेला चिकटलेली असली तर तो बल्बच पेटतो, फ्यूज उडत नाही. ही पद्धत भोईरांच्या घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती, त्याबद्दल कुणी विचारही करत नसे. नमिताने विचार केला. वीज आधी बल्बमधून गेली तर पुढच्याला कमी मिळते. मग बल्बच्या मागे माळेऐवजी कंप्युटर जोडला तर?

एका बल्बमागे मशिन सुरूच होईना. तिने फळीवर शेजारी आणखी होल्डर बसवले, एकेक बल्ब वाढवत गेली. शिवाभाऊ मुख्य बटणापाशी उभे होते, काही भडकलं तर बंद करायला. एका टप्प्यावर मशिन सुरू झालं. तिने डिस्कला काम दिलं. बल्ब उजळले, मशिनची वीज पडली, आणि पडद्यावर ती ओळ आली: हार्ड डिस्क सापडत नाही. भर सकाळ, गावात एकही लग्न नाही, शेजारच्या घरातला पंखा गरगर फिरतोय. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मला करायला लावलं.

“चार बल्ब आनि फळी,” ती म्हणाली. “एवढं तर डेन्मार्कला मिळत असेल.”

तिने सगळं लिहून पाठवलं. फळी लाकडीच हवी, बटण हाताशी हवं, बल्बांना हात लावू नये, कुठल्या क्रमाने जोडावं, मीटरवर किती दिसल्यावर काय होतं. यादीवर गोंधळ माजला. एकाने लिहिलं की ही बाई आपल्या राखणदाराचं घर जाळणार. दुसऱ्याने लिहिलं की आमच्याकडे असं जोडणाऱ्याचं लायसन जातं. येन्सचं मात्र काहीच आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. रोज सकाळी नमिता यायची, मोडेमची किरकिर ऐकायची, रिकाम्या हाताने बस पकडायची. पहिल्यांदाच मला तिची दया आली, आणि ती तिला कळू नये म्हणून मी चहात जास्त साखर घालायची.

मग एका सकाळी उत्तर आलं. येन्सने लिहिलं होतं की एवढे मोठे बल्ब घरात नव्हते, आईच्या शेतावर पिल्लांना ऊब द्यायचे होते ते आणायला जावं लागलं. फळी केली, जोडलं. डिस्क नाहीशी झाली. नाहीशी झालेली दिसत असताना तिच्यावर हात ठेवून पाहिला, तर आत ती फिरत होती. पुढचं मला पाठ आहे: “तुमचं बरोबर आहे. ती जिवंत होती. आम्ही थांबलो नाही.”

मी नमिताला मिठी मारली. तिने मारू दिली, आणि लगेच म्हणाली, “आता खिचडीचं बघायला सांगते त्याला.”

एप्रिलभर दोघांनी मिळून ते केलं. ती सकाळी पाठवायची, त्याचं दुसऱ्या सकाळी यायचं. एकदा तिने त्याचीच चूक दाखवली, ती त्याने सरळ कबूल केली. त्याने मात्र तिचा कोड तीनदा परत पाठवला, का तर ओळींच्या आधीची जागा सारखी सोडलेली नाही. नमिता चिडली, कोड चालतोय ना, मग जागेचं काय? इथे मी येन्सच्या बाजूने उभी राहिले. समास म्हणजे समास. माझ्या वर्गात वाकडा समास कुणाचा चालला नव्हता. शेवटी मीच शेजारी बसून तिच्याकडून एकेक ओळ सरळ करून घेतली. एवढाच माझा त्या सिस्टिममधला वाटा, पण आहे.

शेवटी आणखी एक खटका उडालाच. बदल केला की तो कशासाठी केला, हे कोडच्या वर एका ओळीत लिहायची त्यांची रीत असते. येन्सने लिहिलं, ‘निकृष्ट वीज असलेल्या ठिकाणांसाठी.’ नमिताने ते वाचलं आणि त्या दिवशीची बस सोडली.

“निकृष्ट कुनाला म्हनतो हा?”

“अगं, एवढं घेतोय तर घेऊ दे ना,” मी म्हणाले. “ती ओळ मशिन वाचतसुद्धा नाही, तूच सांगितलंस.”

“मानसं वाचतात, मॅडम. उद्या कुनी ते उघडलं तर त्याला वाटेल आमच्यावर उपकार केलेत.”

तिने ओळ बदलून पाठवली: ‘व्होल्टेज कमी आहे, डिस्क जिवंत आहे, थांबा.’ खाली नाव घालायचं होतं. मी म्हटलं, नवी मुंबई लिही, लोकांना कळेल तरी. तिने लिहिलं, नमिता भोईर, कोपरखैरणे गाव. येन्सने त्यातलं एक अक्षरही बदललं नाही. दोन दिवसांनी ते सगळं सिस्टिममध्ये गेलं.

पण सिस्टिममध्ये जाणं वेगळं आणि आमच्या खोलीत चालणं वेगळं. नवी आवृत्ती तुकड्यातुकड्याने फोनवरून उतरवण्यात बऱ्याच सकाळी गेल्या, माझ्या घरचं मशिन वर्गात परत नेऊन पाचही मशिनांवर ती चढवण्यात सुट्टीचे दिवस गेले. मे उजाडला होता. सोमवारी बॅच सुरू व्हायची होती, आणि ती गावात की सेक्टरमध्ये हे आदल्या शनिवारी ठरणार होतं. त्या शनिवारी गावात हळद होती, तीही शिवाभाऊंच्या सख्ख्या पुतण्याची, कान्हाची. म्हणजे लायटिंग घरची, हात राखून काही नाही. गोदामात एकही माळ शिल्लक नव्हती, म्हणून बल्बच्या फळीवरचे ते मोठे बल्बसुद्धा मंडपाच्या कमानीला लागले होते.

संध्याकाळी सगळ्या मुली आपापल्या जागी बसल्या. त्यांना काय पणाला लागलंय ते कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलींना सगळं कळतं. नमिताने त्यांना लिहायला बसवलं आणि सांगितलं, “काही झालं तरी कुनी काही दाबायचं नाही.” मी भिंतीला टेकून उभी होते. शिवाभाऊ नवा झब्बा घालून दारात आले.

“पोरी, लावू काय?”

“लाव.”

बाहेर एकदम उजेड पडला, बेंजो सुरू झाला. आत ट्यूबलाइट फडफडून लालसर झाल्या. पंख्याची पाती मोजता यायला लागली. मग पडदे थांबले. पाचही. मुलींची बोटं कळांवर तशीच राहिली. डिस्कचा बारीक आवाज उतरत उतरत नाहीसा झाला आणि मला वाटलं, गेलं. मी नमिताकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती, आणि ती घडी तिने इतकी घट्ट घातली होती की बोटं पांढरी पडली होती. एक मुलगी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होती, काय करू? मी मान हलवली, काही नको. थांब.

कुठल्या तरी मशिनमधून घरघर आली. खिडकीपाशी बसलेल्या मंजूच्या पडद्यावर अक्षरं सरकली. मग शेजारची. मग कोपऱ्यातली दोन. पाचवं मशिन रखडलं, फार रखडलं, त्याच्यासमोरच्या मुलीने डोळे मिटून घेतले. आणि तेही चालू झालं. नमिता एकेकीच्या मागे उभी राहिली, लिहिलेलं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कुणाचा तुकडा कुणाच्यात नव्हता. मला रडू आलं. मुलींसमोर आलं, आणि मी पदराने डोळे पुसले तेही त्यांच्यासमोरच.

शिवाभाऊ दारात परत आले. ट्यूबलाइटकडे पाहिलं, मुलींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझे डोळे पाहिले, आणि बिचाऱ्यांना वाटलं, झालंच.

“बंद करू काय थोरा वेल?” ते हळूच म्हणाले. “मी सांगतंय मांडवान, फ्यूज गेला म्हनून.”

नमिताने मान वर केली नाही. ती पाचव्या मशिनवरची शेवटची ओळ वाचत होती.

“नको बाबा,” ती म्हणाली. “अजून एखादी माळ आसंल तं लाव.”

त्यांनी कुणाकडून तरी मागून आणली आणि आमच्याच दारावर लावली. पडदे पुन्हा थांबले. मुली हाताची घडी घालून बसल्या.